नदीचं मूळ, वाळूचं कूळ

आपल्या नोटांवर, पासपोर्टवर आणि सरकारी पाकिटांवर जे सिंह छापलेले असतात, ते मुळात वाळूचे आहेत. सारनाथच्या संग्रहालयातलं मूळ शिल्प पिवळसर-करड्या वालुकाश्मात कोरलेलं आहे. हा दगड चुनारचा. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अशोकाच्या कारागिरांनी त्याला दिलेली झिलई अजून टिकून आहे. बनारसच्या वरच्या अंगाला, गंगेकाठच्या चुनारच्या टेकड्यांमधल्या जुन्या खाणींची पाहणी बनारस हिंदू विद्यापीठाच्या विदुला जयस्वाल यांनी केली. त्यामुळे तिथे प्राचीन काळी दगड कसा काढला जाई, हेही आता बरंच माहीत आहे. शिल्पाच्या दगडाचा पत्ता असा मिळाला. पण चुनारच्या टेकडीत हा दगड आला कुठून?

प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. वालुकाश्म म्हणजे घट्ट झालेली वाळू. ती वाळू कधीतरी एखाद्या नदीने, वाऱ्याने किंवा समुद्राने तिथे आणून टाकली असणार. त्याआधी ती कुठल्यातरी डोंगराचा भाग असणार. तो डोंगर झिजून गेला, नदी आटली, समुद्र हटला. उरली ती फक्त वाळू. तिच्यावरून डोंगर कोणता, नदी कुठून कुठे वाहत होती आणि हवामान कसं होतं, हे ओळखायचं, असा हा उद्योग आहे.

‘ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये’ असं आपल्याकडे म्हणतात. विंध्य तर ऋषीच्या शब्दाखातर वाकलेला पर्वत. मी दक्षिणेतून परतेपर्यंत असाच राहा, असं अगस्त्यांनी त्याला सांगितलं आणि ते परतलेच नाहीत. त्याच विंध्याच्या खडकांत ज्या नद्यांचा गाळ साठला, त्यांची मुळं धुंडाळण्याचं काम दीडशेहून अधिक वर्षं चालू आहे. त्यात वाद झाले, माणसांची उमेद खचली, नव्या यंत्रांनी जुन्या समजुती मोडल्या. या साऱ्यातून खडकांच्या वयाइतकीच मोलाची एक गोष्ट हाती आली, ती म्हणजे पुरावा वाचायची शिस्त. खडकातलं प्रत्येक खनिज काही लक्षात ठेवतं आणि काही विसरतं. ते काय सांगतं हे ऐकण्याआधी ते काय विसरतं, हे ठाऊक असावं लागतं.

काळ्या कातळापलीकडचा देश

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला डोंगर म्हटलं की काळा कातळच आठवतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून झालेला हा बेसाल्ट. मुंबईहून प्रयागला निघालेली गाडी इटारसी-जबलपूर करत कटनीच्या पुढे गेली की मात्र खिडकीबाहेरचा दगड बदललेला असतो. मैहर, सतना, मानिकपूर या पट्ट्यात तांबूस, पिवळसर, आडव्या थरांचे सपाट माथ्याचे डोंगर आणि मधूनमधून सिमेंटचे कारखाने दिसतात. हे कारखाने तिथल्या चुनखडकावर चालतात. काशीयात्रेला जाणाऱ्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या मराठी माणसांनी हा देश पाहिला आहे.

भूविज्ञानात याला ‘विंध्यन’ म्हणतात. थॉमस ओल्डहॅम यांनी हे नाव १८५६ मध्ये दिलं. बिहारमधल्या सासाराम-रोहतासपासून राजस्थानातल्या चित्तोडगडापर्यंत हे खडक पसरलेले आहेत. उघडा दिसणारा भागच सुमारे एक लाख चौरस किलोमीटरचा आहे. उत्तरेला ते गंगेच्या गाळाखाली जातात आणि नैर्ऋत्येला आपल्या दख्खनच्या लाव्हाखाली. काही ठिकाणी थरांची एकूण जाडी चार किलोमीटरहून जास्त भरते. खालून वर मोजत गेलं तर सेमरी, काइमूर, रीवा आणि भांडेर असे चार गट लागतात. सांचीचा स्तूप, फत्तेपूर सिक्री, दिल्लीचा लाल किल्ला आणि राष्ट्रपती भवन या सगळ्यांचा दगड याच घराण्यातला. चुनारचा दगड काइमूर गटातला आहे.

यातल्या सोन खोऱ्यावरचा एक जुना प्रबंध भूवैज्ञानिक अजूनही उघडतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले जॉन बिक्नेल ऑडेन यांनी मिर्झापूर जिल्ह्यातल्या विंध्यन गाळावर लिहिलेला हा ग्रंथ १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. इंग्रजी कवी डब्ल्यू. एच. ऑडेन यांचे ते थोरले भाऊ. हातोडा, होकायंत्र आणि वही एवढ्यावर त्या पिढीने थरांचा क्रम लावला. तो क्रम बऱ्याच अंशी आजही टिकून आहे. हे थर किती जुने आणि वाळू कुणाची, हे मात्र हातोड्याने कळण्यासारखं नव्हतं.

गारगोटीचे गुण

वाळूच्या कणाला बोलतं करण्याची पहिली युक्ती इंग्लंडमधल्या शेफील्डच्या हेन्री क्लिफ्टन सॉर्बी यांची. खडकाची चकती घासून घासून इतकी पातळ करायची की प्रकाश आरपार जावा. आज ही जाडी ०.०३ मिलिमीटर ठरलेली आहे. सॉर्बींनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अशा चकत्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या, तेव्हा डोंगर काय भिंगातून बघायचे असतात का, म्हणून लोक हसले होते. १८८० मध्ये त्याच सॉर्बींनी वाळूतल्या गारेच्या, म्हणजे क्वार्ट्झच्या, कणांवरून त्यांचं मूळ ओळखण्याची वाट दाखवली.

क्वार्ट्झचा कण सगळीकडे सारखाच दिसतो, असं वरवर पाहणाऱ्याला वाटेल. ध्रुवीय प्रकाशाखाली चकती फिरवली की फरक उघडा पडतो. ज्वालामुखीतून आलेला कण स्वच्छ असतो आणि एकदम काळा होतो. जमिनीच्या पोटात दाब आणि उष्णता सोसलेल्या नाइससारख्या खडकातला कण लाटालाटांनी काळवंडतो. कधी एकच वाटणारा कण अनेक तुकड्यांचा निघतो आणि त्यांच्या कडा एकमेकांत गुंतलेल्या असतात. इंडियाना विद्यापीठातले अभिजित बसू आणि त्यांचे सहकारी यांनी १९७५ मध्ये हे गुण मोजून त्यांचा आलेख मांडला. तो आजही या विषयाच्या विद्यार्थ्याला शिकावा लागतो.

पुढची पायरी मोजणीची. चकतीवर ठराविक अंतराने बिंदू घ्यायचे आणि प्रत्येक बिंदूखाली क्वार्ट्झ आहे, फेल्डस्पार आहे की दुसऱ्या खडकाचा तुकडा, हे नोंदवत जायचं. तीनशे-चारशे बिंदू झाले की तिन्हींचं प्रमाण त्रिकोणी आलेखावर एका ठिपक्याच्या रूपात येतं. विल्यम डिकिन्सन आणि क्रिस्टोफर सुचेक यांनी १९७९ मध्ये दाखवलं की, जुन्या स्थिर भूखंडावरची वाळू या त्रिकोणाच्या एका भागात पडते, घड्यांच्या पर्वतांवरची दुसऱ्या आणि ज्वालामुखींच्या रांगेवरची तिसऱ्या.

विंध्यनच्या वरच्या गटांतले बरेचसे वालुकाश्म या त्रिकोणाच्या क्वार्ट्झच्या टोकाला चिकटतात. त्यांत ९५ टक्क्यांहून जास्त क्वार्ट्झच सापडतो. याचा सरळ अर्थ सपाट, जुनं, निवांत भूखंड असा होतो. पण दोन अर्थ आणखीही निघतात. एक म्हणजे उष्ण-दमट हवेत फेल्डस्पार कुजून त्याची चिकणमाती झाली आणि मागे गार उरली. दुसरा म्हणजे ही वाळू पहिल्या हातची नव्हेच. एक वालुकाश्म झिजून त्याची वाळू दुसऱ्यात गेली, दुसऱ्यातून तिसऱ्यात, आणि प्रत्येक फेरीत नाजूक खनिजं गळत गेली. त्या काळी जमिनीवर एक झाड नव्हतं, गवताची काडी नव्हती. माती धरून ठेवणारी मुळं नसल्यामुळे वारा, लाटा आणि भरती-ओहोटी यांनी वाळू मनसोक्त घोळवली. इतकी धुतलेली वाळू बांधकामाला उत्तम, पण चौकशीला फार कमी उपयोगाची. क्वार्ट्झ टिकतो खरा, पण आपलं जन्मगाव विसरून टिकतो.

झारेकऱ्याची विद्या

सराफकट्ट्यावरच्या गटारातला गाळ गोळा करून, घमेल्यात पाणी घालून फिरवत फिरवत सोन्याची कणी वेगळी काढणारे झारेकरी आपल्याकडे प्रत्येक जुन्या शहरात होते, काही ठिकाणी अजून आहेत. हलकं वाहून जातं, जड तळाशी राहतं. वाळूच्या कुळाचा शोध घेणाराही नेमकं हेच करतो. वालुकाश्म भरडायचा, चाळायचा, पाण्याच्या हलत्या मेजावर धुवायचा, लोहचुंबकाने लोहखनिजं ओढून घ्यायची आणि उरलेला चुरा ब्रोमोफॉर्मसारख्या जड द्रवात टाकायचा. क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार तरंगतात, जड खनिजं बुडतात. एकूण वाळूत ही जड खनिजं बहुधा टक्का-अर्धा टक्काच असतात, पण त्यांना आठवतं खूप.

गार्नेट, कायनाइट, स्टॉरोलाइट दिसले की मूळ खडक रूपांतरित, म्हणजे पर्वताच्या पोटात शिजलेला. क्रोमाइट दिसला की लोह-मॅग्नेशियमने भरलेला, खोलातून वर आलेला खडक. कोकणात रत्नागिरीजवळच्या किनाऱ्यांवर जी काळी वाळू चमकते, तिच्यात इल्मेनाइट असतो. तो सह्याद्रीच्या बेसाल्टाची खूण. यातली बरीच खनिजं मात्र फार काळ तग धरत नाहीत. खडकात मुरणारं पाणी त्यांना कोट्यवधी वर्षांत हळूहळू खाऊन टाकतं. अखेरीस तीनच तगतात, ती म्हणजे झिरकॉन, टुरमलीन आणि रुटाइल. जड खनिजांत या तिघांचाच भरणा असेल तर वाळूने फार सोसलं आहे, असं समजायचं.

या तिघांत झिरकॉनचा मान पहिला. तो ग्रॅनाइटासारख्या खडकात जन्मतो, आणि झिजेला किंवा रसायनांना सहज दाद देत नाही. स्फटिक घडताना तो थोडं युरेनियम सामावून घेतो, शिशाला मात्र जवळजवळ थारा देत नाही. म्हणून आज त्यात जे शिसं सापडतं, ते युरेनियमच्या ऱ्हासातून तयार झालेलं असतं. युरेनियम-२३८ अर्धं होऊन शिसं-२०६ बनायला सुमारे ४४७ कोटी वर्षं लागतात आणि युरेनियम-२३५ अर्धं होऊन शिसं-२०७ बनायला सुमारे ७० कोटी. एकाच कणात दोन घड्याळं. दोन्हींची वेळ जुळली तर वयावर विश्वास ठेवायचा, नाही जुळली तर कणाला मधल्या काळात काही इजा झाली, असं मानायचं.

१९८० च्या सुमारास कॅनबेरात विल्यम कॉम्प्स्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘श्रिम्प’ नावाचं अवाढव्य यंत्र उभं केलं आणि एका कणातल्या एका बिंदूचं वय काढणं शक्य झालं. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्समधला सुमारे ४४० कोटी वर्षांचा झिरकॉन अशाच मोजणीतून २००१ मध्ये जगापुढे आला. ज्या खडकात तो सापडला तो त्याहून शंभर कोटी वर्षांहून अधिक तरुण आहे, आणि ज्या खडकात तो जन्मला त्याचा पृथ्वीवर मागमूस नाही. आता लेसरच्या तंत्राने ही कामं झपाट्याने होतात. सुमारे ३० मायक्रॉनचा खड्डा पाडायचा, उडालेली वाफ यंत्रात ओढायची, की मिनिटभरात एका कणाचं वय हाती येतं.

राख आणि वाळू

विंध्यनच्या वयाचा वाद पेटला तो १९९८ मध्ये, एकाच वर्षी दोन बाजूंनी. अडॉल्फ झाइलाखर, जादवपूर विद्यापीठाचे प्रदीप बोस आणि फ्रीड्रिख फ्ल्यूगर यांनी ‘सायन्स’मध्ये लिहिलं की, मध्य प्रदेशातल्या चोरहाट वालुकाश्मावर कृमींनी पोखरलेल्या वाटा दिसतात. खडक शंभर कोटी वर्षांहून जुना धरला, तर प्राण्यांचा इतिहास जवळजवळ दुपटीने मागे जात होता. त्याच सुमाराला देहरादूनच्या वाडिया हिमालय भूविज्ञान संस्थेतले रफत आझमी यांनी त्याच्याही वरच्या रोहतास चुनखडकातून सूक्ष्म कवचांचे जीवाश्म मांडले. तशी कवचं तोवर सुमारे ५४ कोटी वर्षांपूर्वीच्या कँब्रियन काळाची मानली जात. म्हणजे एकाच खडकसंचाचं वय एक जण मागे ढकलत होता आणि दुसरा पुढे ओढत होता. आझमींवर टीकेची झोड उठली. जीवाश्मच नाहीत इथपासून सचोटीबद्दलच्या शंकेपर्यंत गोष्टी गेल्या.

या भांडणाचा निकाल कवचांनी नाही, झिरकॉननी लावला. पण त्यासाठी एक भेद ध्यानात घ्यायला हवा. वाळूतला झिरकॉन वाळू साचण्याच्या आधी कधीतरी जन्मलेला असतो. तो खडकाचं वय सांगत नाही, आपलं सांगतो. ज्वालामुखीची राख मात्र आकाशातून पडते आणि तिथेच थर होऊन राहते. तिच्यातला झिरकॉन त्या उद्रेकाचा असतो, म्हणून त्याचं वय हेच थराचं वय. सोन खोऱ्यात चोरहाटच्या आसपासच्या थरांत अशी कडक झालेली राख आहे. फेब्रुवारी २००२ मध्ये ‘जिऑलॉजी’ या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन स्वतंत्र गटांचे लेख आले. ज्योतिरंजन रे आणि सहकाऱ्यांना वय मिळालं १६३ कोटी वर्षं. बर्गर रासमुसेन आणि सहकाऱ्यांना मिळालं १६३ कोटी आणि १६० कोटी. रोहतास चुनखडकाचं शिशाच्या समस्थानिकांवरून काढलेलं वयही १६० कोटींच्याच घरात आलं.

कृमींच्या वाटांचा दावा त्याने डळमळला, कारण १६० कोटी वर्षांपूर्वी कृमी असणं आणखीच अवघड होतं. आझमींच्या कवचांचं काय, हा प्रश्न उरला. स्टॉकहोमचे स्टेफान बेंग्टसन आणि सहकारी यांनी चित्रकूटच्या परिसरातले नमुने घेऊन ते क्ष-किरणांनी त्रिमितीत तपासले. २००९ मध्ये त्यांनी जाहीर केलं की जीवाश्म खरे आहेत, फक्त कँब्रियन नाहीत, त्याहून शंभर कोटी वर्षांनी जुने आहेत. २०१७ मध्ये त्यांतलेच काही १६० कोटी वर्षांपूर्वीच्या लाल शैवालांसारखे जीव असल्याचं त्यांनी मांडलं. एकाचं नाव ठेवलं ‘राफतआझ्मिया चित्रकूटेन्सिस’. काळाचा अंदाज चुकलेल्या, पण नजर न चुकलेल्या माणसाचं नाव असं त्याच खडकाशी कायमचं जोडलं गेलं.

जो कण सापडत नाही

खालच्या सेमरी गटाचं असं झालं. वरच्या भांडेर गटात भरवशाची राख नव्हती. तिथे वाळूतल्या झिरकॉनकडेच जावं लागलं. नियम साधा आहे, की वालुकाश्म त्याच्यातल्या सर्वांत तरुण कणाहून जुना असू शकत नाही. फ्लोरिडा विद्यापीठातले जोसेफ मीर्ट यांच्या गटाने जयपूरच्या राजस्थान विद्यापीठातले मनोज पंडित यांच्यासारख्या भारतीय सहकाऱ्यांसोबत भांडेरचे वालुकाश्म फोडले. २००८ मधल्या त्यांच्या लेखानुसार, त्यांतला सर्वांत तरुण कणांचा गट सुमारे १०२ कोटी वर्षांचा निघाला. त्याहून जुने कण २५० कोटी वर्षांपर्यंत मागे जातात. २५० कोटींचे कण ओळखीचे आहेत, कारण बुंदेलखंडाचा ग्रॅनाइट त्याच वयाचा आहे. मधल्या वयांसाठी अरवली-दिल्लीच्या आणि सातपुडा-छोटानागपूरच्या पट्ट्यांकडे बोट जातं. कण नेमका कुणाचा, हे त्या त्या पट्ट्यातल्या ग्रॅनाइटांची वयं जुळवून ठरवावं लागतं.

यातला सर्वांत बोलका पुरावा न सापडलेल्या कणाचा आहे. राजस्थानात जोधपूरच्या बाजूला मलानीचे ज्वालामुखी खडक आहेत. सुमारे ७७ ते ७५ कोटी वर्षांपूर्वीचे हे उद्रेक इतके प्रचंड होते की आजही पन्नास हजार चौरस किलोमीटरच्या आसपास प्रदेश त्यांनी व्यापलेला आहे. त्यांच्यात झिरकॉन भरपूर. भांडेरची वाळू त्या उद्रेकानंतर साचली असती, तर मलानीचे कण तिच्यात कुठेतरी दिसायला हवे होते. ते दिसत नाहीत. जोधपूरकडच्या मारवाड वालुकाश्मात मात्र त्या पिढीचे कण सापडतात. यावरून भांडेर मलानीच्या आधीचा, असा निष्कर्ष निघाला.

इथे सावध वाचक विचारेल की, न सापडणं हा पुरावा कसा? त्याचं गणित पीटर फर्मेश यांनी २००४ मध्ये मांडलं. वाळूत पाच टक्के किंवा जास्त वाटा असलेला एकही वयोगट आपल्या हातून सुटलेला नाही, अशी ९५ टक्के खात्री हवी असेल तर किमान ११७ कण मोजले पाहिजेत. कमी कण मोजून ‘नाही’ म्हणणं म्हणजे घाई. शिवाय नदी उलट दिशेला वाहत असली तर शेजारच्या डोंगराचे कणही येणार नाहीत. म्हणून वालुकाश्मातल्या तिरक्या थरांवरून प्रवाहाची दिशा मोजण्याचं जुनं, ऑडेनच्या काळातलं काम इथे पुन्हा कामी येतं.

निष्कर्षाला दुसरा टेकू पन्नाच्या हिऱ्यांनी दिला. मझगावची हिऱ्यांची खाण ज्या ज्वालामुखी नळीत आहे, ती काइमूर गटाच्या वालुकाश्माला फोडून वर आलेली आहे. तिचं वय २००६ मध्ये सुमारे १०७ कोटी वर्षं ठरलं, म्हणजे काइमूर त्याहून जुना. गंमत अशी की, त्या नळीच्या खडकात गोठलेली चुंबकीय दिशा रीवा-भांडेरच्या दिशेशी जवळपास जुळते. म्हणून वरचा विंध्यनही शंभर कोटींच्या आसपासचाच असावा, असं मीर्ट यांच्या गटाने मांडलं.

याच निष्कर्षाची परीक्षा भीमबेटक्यात झाली. भोपाळजवळची ही चित्रगुंफांची टेकडी भांडेरच्या वालुकाश्माची. विष्णू श्रीधर वाकणकरांनी ती १९५७ मध्ये जगापुढे आणली. २०२० मध्ये तिथल्या ‘ऑडिटोरियम’ गुंफेच्या छताजवळ एक पानासारखी आकृती दिसली आणि २०२१ मध्ये ग्रेगरी रिटॅलॅक आणि सहकाऱ्यांनी ती ‘डिकिन्सोनिया’ असल्याचं प्रसिद्ध केलं. सुमारे ५५ कोटी वर्षांपूर्वीचा हा प्राणी. तो खरा असता तर भांडेरचं वय निम्म्यावर आलं असतं आणि झिरकॉनचं सारं गणित कोसळलं असतं. मीर्ट यांच्या गटाने जागेवर जाऊन पाहिलं, तर ती आकृती दगडापासून सुटत चालली होती. ते मधमाश्यांच्या जुन्या पोळ्याचे अवशेष निघाले. २०२३ मध्ये हे छापून आलं आणि रिटॅलॅक यांनी आपली चूक मोकळेपणाने मान्य केली.

चिखल काय सांगतो

झिरकॉनवर इतकं विसंबल्यावर त्याची खोट सांगायलाच हवी. तो ग्रॅनाइटाच्या कुळाचा. बेसाल्टात तो जवळजवळ नसतोच. शिवाय तो इतका चिवट की एका वालुकाश्मातून दुसऱ्यात सहज जातो. वय सांगतो ते पहिल्या जन्माचं, मधल्या मुक्कामांचं नाही. म्हणून वाळूच्या शेजारच्या चिखलाकडे, म्हणजे शेलकडे, वळावं लागतं. चिखलात मोठ्या प्रदेशाचा सरासरी अंश मिसळलेला असतो. नॉर्वेतले व्हिक्टर गोल्डश्मिट यांनी १९३० च्या दशकात हिमनद्यांनी दळलेली माती तपासून पृथ्वीच्या कवचाची सरासरी काढायचा प्रयत्न केला, तो याच विचाराने.

काही मूलद्रव्यं पाण्यात फारशी विरघळत नाहीत, म्हणून ती मूळ खडकाचं प्रमाण सांभाळून ठेवतात. थोरियम ग्रॅनाइटात जास्त, स्कँडियम बेसाल्टात. दोहोंचं गुणोत्तर काढलं की मूळ खडकाचा कल कळतो. क्रोमियम आणि निकेल वाढलं की बेसाल्ट किंवा त्याहून खोलचा खडक. दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांतलं युरोपियम तर फारच उपयोगी. ते प्लॅजिओक्लेज फेल्डस्पारमध्ये कॅल्शियमच्या जागी शिरतं. जमिनीखाली ग्रॅनाइटाचा रस वर येताना प्लॅजिओक्लेज मागे राहिला, तर वरच्या खडकात युरोपियमची तूट पडते. ही तूट चिखलात जशीच्या तशी उतरते.

हवामानासाठी दुसरं मोजमाप आहे. कॅनडातल्या जुन्या गाळखडकांवर काम करताना वेन नेसबिट आणि ग्रँट यंग यांनी १९८२ मध्ये एक निर्देशांक सुचवला. ॲल्युमिनाला ॲल्युमिना, चुना, सोडा आणि पोटॅश यांच्या बेरजेने भागायचं आणि शंभरने गुणायचं. पाऊस चुना-सोडा-पोटॅश धुऊन नेतो, ॲल्युमिना राहते. ताज्या ग्रॅनाइटाचा आकडा ५० च्या आसपास, सामान्य शेलचा ७० ते ७५, पूर्ण कुजलेल्या केओलिनचा १००. पण इथेही सापळा आहे. खडक बनल्यानंतर बाहेरचं पोटॅशियम आत मुरलं तर आकडा खोटा कमी येतो.

काइमूर गटाच्या खडकांचा असा रासायनिक अभ्यास मीनल मिश्रा आणि शिंजना सेन यांनी केला. दक्षिणेकडचा महाकोशल पट्टा आणि छोटानागपूरचे ग्रॅनाइट-नाइस यांच्याकडे त्यांचा रोख गेला. म्हणजे सारनाथच्या सिंहांची वाळू बहुधा दक्षिणेच्या डोंगरांतून उत्तरेकडे वाहत आली. रामानंद चक्रवर्ती आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये नियोडिमियमच्या समस्थानिकांवरून खालच्या विंध्यनसाठी एका ज्वालामुखी पर्वतरांगेची शक्यता मांडली. वाद मिटलेला नाही.

अशा निष्कर्षांसाठी ठरीव आलेखही आहेत. मुकुल भाटिया यांनी १९८३ मध्ये पूर्व ऑस्ट्रेलियातल्या वालुकाश्मांवरून आखलेला आलेख अर्ध्या जगाने वापरला. पुढे जॉन आर्मस्ट्राँग-अल्ट्रिन आणि सुरेंद्र वर्मा यांनी २००५ मध्ये एक सरळ कसोटी लावली. ज्यांचं मूळ आधीच पक्कं माहीत आहे अशा ताज्या गाळांवर आलेख चालवून पाहिला. बऱ्याचदा तो चुकला. तरी आयते आलेख टाकून निष्कर्ष काढण्याची सवय सुटायला वेळ लागतोच आहे.

गोदावरीने नेलेली माती

हीच विद्या आपल्या दारातही येऊन गेली आहे. २००६ मध्ये भारताच्या गॅस हायड्रेट मोहिमेत बंगालच्या उपसागरात, गोदावरीच्या मुखासमोर, समुद्रतळातून गाळाचा एक लांब नमुना काढला गेला. अमेरिकेतल्या वूड्स होल संस्थेचे लिव्हियू जिओसान आणि सहकारी यांनी त्यातल्या गेल्या अकरा हजार वर्षांच्या थरांचं नियोडिमियम मोजलं. नाशिकच्या त्र्यंबकेश्वरापासून मराठवाड्यापर्यंतचा बेसाल्ट तरुण, तर पूर्वेकडचे खडक २५० कोटी वर्षांहूनही जुने. दोघांच्या नियोडिमियममध्ये इतका फरक आहे की, गाळात कुणाचा वाटा किती हे थरागणिक सांगता येतं.

सुमारे चार हजार वर्षांपूर्वीपासून गाळ वाढला आणि त्यात दख्खनचा वाटाही वाढला, असं २०१७ मध्ये त्यांनी मांडलं. पाऊस कमी होऊन झाडोरा विरळ झाला होता. त्याच काळात दायमाबाद, नेवासे अशी ताम्रपाषाणयुगीन गावं वसत होती, जमीन नांगराखाली येत होती. त्या शेतकऱ्यांच्या बांधांवरची माती हजार किलोमीटरहून दूर समुद्रात जाऊन बसली होती, आणि तिच्यातल्या एका मूलद्रव्याने तिचं गाव सांगितलं.

आता याच गाळाचा उद्या खडक झाला, असं समजू. कुणी त्यातला वालुकाश्म फोडून फक्त झिरकॉन मोजले, तर प्राणहिता, इंद्रावती आणि पूर्व घाटातले जुने ग्रॅनाइट त्याला दिसतील आणि गोदावरीच्या खोऱ्याचा जवळजवळ निम्मा भाग असलेला दख्खन बेपत्ता असेल. काळी माती, सह्याद्री, सगळा मराठवाडा त्याच्या नकाशावरून गळून पडेल. शेजारच्या शेलमधलं नियोडिमियम मोजलं तरच तो सापडेल. विंध्यनमध्येही असाच एखादा बेसाल्टाचा प्रदेश आपल्या नजरेतून सुटलेला असू शकतो. तसा संशय घेऊनच त्यातला चिखल आज पुन्हा तपासला जातो.

जुन्या खडकाचा वंश लागला, अशा बातम्या यापुढे वाढत जाणार, कारण यंत्रं स्वस्त होत आहेत आणि कण मोजणं सोपं. अशी बातमी वाचताना आकड्यापाशी थांबू नये. हे कोणत्या खनिजाने सांगितलं, त्याला काय दिसत नव्हतं आणि जे दिसत नव्हतं ते दुसऱ्या कुणाला विचारलं का, एवढं तपासलं की त्या बातमीचा खरेपणा आपल्यालाही जोखता येतो.